पानावरची रेघ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी पत्र पाठवून मला विषय विचारला, तेव्हा मी एका ओळीत उत्तर धाडले : 'चेरीचे पान पोखरणारी अळी'. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "आपला कागद दुसऱ्या कुणाच्या पाकिटात तर गेला नाही ना?" असे त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले. त्यांचे चुकले नाही. तीस वर्षे मी युनियनचे काम करतो आहे. माझ्यासारख्याने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर १९८२ च्या गिरणी संपाच्या आठवणी सांगाव्यात, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार. त्या संपात माझ्या वडिलांचे काम गेले आणि माझी शाळाही सुटली. पुढचे शिक्षण मी युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर घेतले. तेव्हा मी काही प्राणिशास्त्राचा पंडित नाही, हे आरंभीच कबूल करतो. तरीही हाच विषय मी का घेतला, ते व्याख्यान संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनकडे एका रोपवाटिकेतल्या बायकांचे गाऱ्हाणे आले. रोपवाटिका लिंबू-संत्र्यांच्या कलमांची. तिथे पाठीवर पंप घेऊन फवारणी करण्याचे काम बायकांकडे होते. हातात मोजे नाहीत, तोंडाला पदराखेरीज काही नाही. त्यांतल्या एका मावशींना फवारणी करता करता चक्कर आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात न्यावे लागले. बोलणी करायला मी गेलो, तेव्हा मुकादमाने एक पान तोडून माझ्या हातावर ठेवले. लिंबाचे कोवळे पान, आणि त्यावर चांदीच्या तारेसारखी नागमोडी रेघ. "ही बघा नागअळी, भाऊ," तो म्हणाला. "एवढी रेघ डोळ्यांनी दिसतेय, मग औषध मारायचं नाही तर काय करायचं?"

मला उत्तर सुचले नाही. पान मी खिशात घातले आणि घरी आणले. मुलाच्या दप्तरातले भिंग घेऊन ते उजेडात धरले, सुईने रेघ उकलली. रेघ रिकामी होती. जिला मारण्यासाठी त्या मावशींनी विष अंगावर घेतले, ती अळी केव्हाच निघून गेली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. आणि मग मी वाचायला लागलो.

वाचता वाचता मी आपल्या लिंबाच्या पानावरून थेट युरोपातल्या चेरी आणि आलुबुखाराच्या पानांवर जाऊन पोहोचलो. या जातीच्या किड्यांचा अभ्यास तिकडे शतकानुशतके झालेला आहे. आणि ज्या एका पतंगाची हकीकत मला सगळ्यांत बोधप्रद वाटली तो चेरी, आलुबुखार, सफरचंद अशा झाडांच्या पानांत राहतो. त्याचे शास्त्रीय नाव लायोनेशिया क्लर्केला. नाव अवघड आहे, पण त्यातल्या 'क्लर्क' या अक्षरांकडे आपण पुढे वळणार आहोत.

हा पतंग किती मोठा? पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ-नऊ मिलिमीटर. म्हणजे तांदळाचा एक लांब दाणा. रंग चकचकीत पांढरा, पंखांच्या टोकाशी तपकिरी नक्षी. दिव्याभोवती असला पतंग फिरला तर आपण हाताने झटकून टाकू आणि विसरून जाऊ. हिवाळा तो पतंगाच्या रूपातच काढतो. झाडाच्या सालीच्या फटीत, छपराच्या गवतात, जिथे आडोसा मिळेल तिथे. वसंत आला, झाडांना पालवी फुटली, की मादी बाहेर पडते आणि पानाच्या खालच्या बाजूला भोक पाडून पानाच्या आतच अंडे ठेवते. एका जागी एकच अंडे.

आता पानाची रचना डोळ्यांपुढे आणा. वर एक पातळ साल, खाली एक पातळ साल, आणि मध्ये हिरवा गर. झाडाचे सगळे अन्न त्या गरात शिजते. आपल्या पुरणपोळीत वरखाली पारी आणि मध्ये पुरण असते, तसाच हा प्रकार. अंड्यातून निघालेली अळी त्या पुरणातच जन्मते. तिचे अंग चपटे, रंग फिकट हिरवा. ती वरचीही साल फाडत नाही आणि खालचीही नाही; मधला गर खात पुढे सरकते. ऊन, वारा, पाऊस काही तिला लागत नाही. अन्न तेच घर, आणि घर तेच अन्न.

अशी ती काही आठवडे चालते. सुरुवातीला रेघ केसासारखी बारीक असते. अळी वाढते, तशी रेघही रुंद होत जाते. मधोमध एक काळसर धागा दिसतो, तो तिच्या विष्ठेचा. म्हणजे ज्याला वाचता येते त्याला ते पान एखाद्या हजेरीपटासारखे वाचता येते. अळी कुठे जन्मली, कुठून वळली, कुठे कात टाकून मोठी झाली, सगळे त्यावर लिहिलेले असते. कधी कधी रेघ फिरून स्वतःलाच छेदते, आणि वेढ्यात सापडलेला पानाचा तुकडा वाळून जातो. पुरी वाढ झाली की अळी सालीला चीर पाडून बाहेर येते आणि पानाखाली किंवा खोडावर रेशमाचे धागे ताणून त्यांवर स्वतःचा पांढरा कोष टांगते. दोन झाडांना झोळी बांधून बाळ निजवावे, अगदी तसा. त्यातून नवा पतंग निघतो. वर्षाला अशा दोन-तीन पिढ्या होतात, उबदार मुलखात त्याहून अधिक.

एक गोष्ट मात्र इथे नीट लक्षात ठेवावी. रेघेचे शेवटचे, सगळ्यांत रुंद टोक आपल्याला ठळक दिसते, तेव्हा बहुधा अळीचे काम आटोपत आलेले असते, किंवा ती गेलेलीही असते. डोळ्यांत भरणारी रेघ हा होऊन गेलेल्या गोष्टीचा कागद आहे. कागदावर विष मारून भूतकाळ मरत नाही.

पाने पोखरण्याचा हा धंदा काही आजकालचा नाही. अमेरिकेत कॅन्सस आणि नेब्रास्का या भागांतल्या खडकांत पानांचे ठसे सापडले आहेत. त्यांवर अशाच अळ्यांच्या रेघा आहेत, आणि त्यांचे वय सुमारे ९ कोटी ७० लाख वर्षे आहे. त्या काळी पृथ्वीवर डायनोसोर हिंडत होते. शिवाय हे कसब एकट्या पतंगांचे नाही. माश्यांनी, भुंगेऱ्यांनी आणि गांधीलमाश्यांच्या चुलतकुळातल्या काही कीटकांनी ते स्वतंत्रपणे हस्तगत केले आहे. सुरक्षित जागी बसून खायला मिळणे ही सोय इतकी मोठी आहे, की निसर्गाने ती पुन्हा पुन्हा शोधून काढली.

फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाचा एक थोर निरीक्षक होऊन गेला. कीटकांच्या इतिहासावर त्याने १७३४ ते १७४२ या काळात सहा जाडजूड खंड प्रसिद्ध केले. १७३७ च्या तिसऱ्या खंडात त्याने या अळ्यांचे वर्णन केले आहे, आणि त्यांना त्याने खाणकामगार म्हटले. ते वाचून मला गंमत वाटली. खाणकामगार म्हटले की आमच्यासारख्याचे कान टवकारतात! पण उपमा लांबवण्यात अर्थ नाही. खाणीतला माणूस दुसऱ्यासाठी कोळसा काढतो. ही अळी जे काढते ते स्वतःच खाते. तिला युनियनची गरज नाही.

आता त्या 'क्लर्केला' नावाकडे वळू. हे नाव लिनियसने १७५८ साली ठेवले. प्राणिमात्रांना दोन पदांची नावे देण्याची जी रीत जगभर चालते, तिचा आरंभ त्याच वर्षीच्या त्याच्या ग्रंथापासून धरतात. त्याने या चिमुकल्या पतंगाला आपल्या एका देशबांधवाचे नाव दिले : कार्ल क्लर्क. जन्म १७०९, मृत्यू १७६५. घराणे नावाला सरदारी, पण घरात पैसा नाही. उप्सालाच्या विद्यापीठात थोडे दिवस शिकला आणि पुढे स्टॉकहोमच्या सरकारी कचेरीत नोकरीला लागला. फायली, हिशेब, सह्या, शिक्के. वयाच्या तिशीपर्यंत या माणसाच्या हातून जगाने नोंद घ्यावी असे काही घडले नव्हते. १७३९ साली स्टॉकहोममध्ये लिनियसचे एक व्याख्यान झाले. श्रोत्यांत हा कारकून बसला होता. तिथून त्याला निसर्गाच्या अभ्यासाचा ध्यास लागला, असे त्याचे चरित्र सांगते.

बंधुभगिनींनो, अशा सभेत उभे राहून ही हकीकत सांगताना मला विशेष आनंद होतो. एक व्याख्यान! तेही ऐकून घरी जाऊन जेवायचे आणि विसरायचे, असेच बहुतेकांनी केले असेल. क्लर्कने विसरले नाही. कचेरीचे काम सांभाळून तो कोळी गोळा करू लागला, निरखू लागला, चित्रे काढून घेऊ लागला. १७५७ साली त्याने स्वीडनमधल्या कोळ्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. ते लिनियसच्या त्या प्रमाणग्रंथाच्या एक वर्ष आधीचे. नियम असा की १७५८ पूर्वीची प्राण्यांची नावे ग्राह्य धरायची नाहीत. या एका नियमाला सगळ्या प्राणिशास्त्रात एकच अपवाद केला आहे, आणि तो या कारकुनाच्या पुस्तकासाठी. आजही जगातल्या कितीतरी कोळ्यांच्या शास्त्रीय नावापुढे क्लर्कचे नाव लागते. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. अशा मालांचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर मी त्याला चेरीच्या पानावरची रेघ दाखवीन.

आता पुन्हा पानाच्या आत शिरू. अळीचे घर सुरक्षित म्हटले, पण ते पूर्ण सुरक्षित नाही. तिचे खरे शत्रू म्हणजे इवल्याशा परोपजीवी गांधीलमाश्या. गांधीलमाशी म्हटली की आपल्याला दंश आठवतो; या त्यातल्या नव्हेत. या चिलटाहून लहान असतात. मादी पानावर उतरते, पायांखाली चाचपून पाहते आणि सालीतून सुईसारखी नळी खुपसून आतल्या अळीवर अंडे घालते. मग तिची पिल्ले त्या अळीवर वाढतात. सफरचंदाच्या पानात राहणाऱ्या याच धंद्यातल्या दुसऱ्या एका अळीवर युरोपातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातून दिसले, की गांधीलमाशी नळी खुपसते तेव्हा पानात जो सूक्ष्म कंप उठतो तो आतल्या अळीला कळतो. ती एकदम स्तब्ध होते किंवा वळवळून निसटते. आणि तिच्या हालचालीने जो कंप होतो, तो वर बसलेल्या माशीला कळतो! कागदाइतक्या जाड जागेत, अंधारात, दोघींची ही आंधळी कोशिंबीर चाललेली असते. आपण झाडाखाली बसून सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, किती शांत आहे!

सफरचंदाच्या पानातल्या अशाच एका अळीची आणखी एक करामत सांगतो. थंड मुलखात शरद ऋतूत पाने पिवळी पडतात. पण अळी जिथे राहते तेवढाच तुकडा हिरवा राहतो. पिवळ्या पानात हिरवे बेट. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवून दिले, की यामागे अळीच्या शरीरातल्या जिवाणूंचा हात आहे. औषधाने ते जिवाणू नाहीसे केले तर हिरवे बेटही तयार होत नाही. म्हणजे पान, पानात अळी, अळीत जिवाणू, आणि अळीवर माशी. एका पानात अख्खी वसाहत नांदते.

अशा वसाहतीवर विषाचा फवारा पडला की काय होते? साधा विचार करा. स्पर्शाने मारणारे विष पानाच्या वर बसते. अळी सालीच्या आत. माशी सालीच्या वर. मरते कोण? माशी. अळीचा पहारेकरी आपण आपल्या हाताने मारतो. उत्तर अमेरिकेत, ऑन्टारिओत आणि संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात, सफरचंदाच्या बागांत १९७० च्या दशकात हेच घडले. पाने पोखरणारी जी अळी तोपर्यंत कुणाच्या खिजगणतीत नव्हती, ती एकाएकी मोठी कीड होऊन बसली. दुसऱ्या किडींसाठी वर्षानुवर्षे जी विषे मारली, ती या अळीच्या पतंगांना पचू लागली होती. त्यांचे शत्रू मात्र त्या विषांनी मरत होते. कीड वाढली म्हणून फवारणी, आणि फवारणीमुळे कीड. सावकारी कर्जासारखे हे चक्र आहे : फेडण्यासाठी पुन्हा काढायचे.

आणि पोखरलेल्या पानाने झाडाचे नुकसान किती? मोठ्या चेरीच्या किंवा आलुबुखाराच्या झाडाला थोड्याशा रेघांनी काही होत नाही. पाने कुरूप दिसतात एवढेच. उपद्रव फार झाला तर पाने अवेळी गळतात. रोपवाटिकेतली गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मालकाच्या बाजूनेही हे सांगणे मला भाग आहे. कलम लहान असते, पाने मोजकी, आणि नागअळी नेमकी कोवळ्या नवतीवर येते. तिने केलेल्या जखमांतून कँकर रोगाचे जंतूही शिरतात. तेव्हा मुकादमाची काळजी खोटी नव्हती. खोटा होता तो उपाय.

आता एक कबुली देतो. याच कबुलीसाठी मी हा विषय घेतला. त्या मावशी आजारी पडण्यापूर्वी चार वर्षे त्या रोपवाटिकेत आमची युनियन होती. फवारणीचा प्रश्न तेव्हाही आला होता. आणि मी, या मी, काय मिळवले होते? फवारणी भत्ता! पंप उचलेल त्या दिवशी चार पैसे जास्त. करारावर सह्या झाल्या, बायकांनी गुलाल लावला, मी हार घातला. हे विष मारण्याची गरज आहे का, असा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. मी विषाची किंमत ठरवली आणि त्याला विजय म्हटले. भत्त्यासाठी बायका आपण होऊन पंप उचलू लागल्या. त्या मावशीही त्यांतल्याच. दवाखान्यात त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "दादा, त्या भत्त्यातूनच नातवाची फी भरली हो." त्या मला दोष देत नव्हत्या. म्हणूनच ते वाक्य मी विसरू शकत नाही.

दुसऱ्या खेपेच्या बोलण्यांना मी भिंग घेऊन गेलो. मालक, मुकादम, कामगार बायका, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवले. टोपलीभर रेघाळलेली पाने आणली आणि सुईने एकेक उकलली. बहुतेक रेघा रिकाम्या होत्या. काहींत जिवंत अळ्या होत्या, त्या कोवळ्या शेंड्यांवर. काहींत अळीच्या जागी बारीक काळे कोष होते, ते गांधीलमाश्यांचे. मालक बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण कुणाला मारत होतो?"

त्यातून जो करार झाला त्यात भत्ता नव्हता. आधी पाने तपासायची. जिवंत अळी आहे की नाही ते पाहायचे. फवारा लागलाच तर नवतीच्या वेळी, तोही आधी निंबोळी अर्काचा. थोडी लागण असेल तिथे पाने हाताने खुडायची. आणि पाने तपासण्याच्या कामाची मजुरी पूर्ण द्यायची, कारण डोळ्यांनी करायचे कामही कामच आहे. मोजे, मुखपट्टी, साबण आणि पाणी ही मालकाची जबाबदारी. यातले शेवटचे कलम मागताना मी काही नवे मागत नव्हतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांत ते कधीपासून लिहिलेले आहे. पण कायद्याचा कागद फवारा मारणाऱ्या हातापर्यंत पोहोचत नाही. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. ती माणसे बोंडअळीशी लढत होती. त्यांच्या अंगात साधा सदरा होता.

दुसऱ्या देशातले एक उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांच्या मजुरांनी १९६५ साली संप पुकारला. तो पाच वर्षे चालला. सीझर चावेझ त्यांचे पुढारी. १९७० साली जे करार झाले त्यांत पगाराबरोबर डीडीटीसारख्या विषांना बंदी घालणारी कलमे होती. अमेरिकेच्या सरकारने डीडीटीवर सर्वसाधारण बंदी घातली ती १९७२ साली. म्हणजे सरकारच्या आधी मजुरांना समजले होते, की काही गोष्टींचा भत्ता मागायचा नसतो. हे मला चार वर्षे आधी कळायला हवे होते.

आपल्या भाषेत विषाला औषध म्हणण्याची रीत आहे. "औषध मारले", "औषध आणायला गेला", असेच आपण बोलतो. शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्यातला विरोध कुणाला खटकत नाही. मी त्या दिवसापासून बोलताना 'विष' म्हणतो. बायका हसतात, पण बाटली हाताळताना जपून हाताळतात.

त्या मावशी बऱ्या झाल्या. पण हाताला थोडा कंप राहिला, आणि त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. नव्या कराराचा त्यांना काही उपयोग झाला नाही. त्यांची सून आता तिथे पाने तपासते. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग अडकवलेले असते. परवा ती मला म्हणाली, "भाऊ, एकाच पानावर तीन रेघा होत्या, आणि तिन्हीत माशीचे कोष. मी ते पान खुडलं नाही. राहू दिलं." कृषी विद्यालयाचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलीने शास्त्राचा सगळा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगितला.

आपण शहरात राहणारे लोक. आपल्याकडे मळा नाही, पण कुंडीत लिंबू असेल, बंगल्यापुढे बाग असेल, सोसायटीत माळी येत असेल. पानावर रेघ दिसली की आपण त्याला म्हणतो, "काहीतरी मार रे यावर." माझी एवढीच विनंती आहे. तसे म्हणण्यापूर्वी ते पान उजेडात धरून पाहा. आत कुणी आहे का ते पाहा. आणि फवारा मारायला आपण कुणाला सांगतो आहोत, त्याच्या हातात मोजे आहेत का, तेही पाहा.